कोरड्या माणसांनी निवडलेले लॉकर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात तिसऱ्या पानावर आमच्या क्रीडा संकुलातल्या तरणतलावावरच्या ‘अत्याधुनिक बायोमेट्रिक लॉकर’ची बातमी वाचली, फोटोही पाहिला. फोटोत अकरा मान्यवर, एक कात्री आणि त्यांच्या खांद्यांमागून अर्धवट डोकावणारं एक निळं कपाट. या अकरांपैकी एकालाही मी आजवर पाण्यात पाहिलेलं नाही. काठावर पाहिलंय, तेही उद्घाटनालाच. अंगठा टेकवला की दार उघडणार, असं आपल्या वार्ताहरानं कौतुकानं लिहिलंय. अंगठा ओला असेल की कोरडा, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं.

तासभर पोहून बाहेर आलेल्या माणसाची बोटं पाहिली आहेत का? भिजत घातलेल्या खारकेसारखी होतात. त्या सुरकुत्यांमधून यंत्रानं ठसा शोधायचा. आमच्याकडे रेशनच्या दुकानात कोरड्या बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून माणसं तीन-तीनदा हात पुसतात, कपाळाचा घाम अंगठ्याला लावतात, आणि तरीही धान्य न घेता परत जातात. आयुष्यभर खुरपं धरलेल्या हाताला रेषा उरतात कुठं? माझं म्हणाल तर मी छत्तीस वर्षं खडू आणि शिट्टी धरली. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बँकेत बसलो तर यंत्रानं चार वेळा नकार दिला. मी समोर जिवंत बसलेलो.

नोव्हेंबरचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. त्याच महिन्यातली गोष्ट. सकाळी सहाची बॅच, अंगाला बोचणारी थंडी, आणि माझं सगळं सामान १७ नंबरच्या लॉकरमध्ये. हे लॉकर जुने, किल्लीचे. किल्ली रबराच्या पट्ट्यानं मनगटाला अडकवायची, अशी पद्धत. त्या दिवशी वर आलो, किल्ली फिरवली, आणि तिचं डोकं हातात राहिलं, दांडी आत. दुसरी किल्ली ऑफिसात असते, असा फलक भिंतीवर आहे. ऑफिस साडेदहाला उघडतं. ती किल्ली शिपायाकडे असते, असं वॉचमनकडून कळलं. शिपाई कुठं? “सर, ते तर लग्नाला गेलेत नांदेडला. तुळशीचं लग्न झालं की काय, लगीनसराईच.”

मी टॉवेल गुंडाळून एक तास पस्तीस मिनिटं बाकावर बसलो. वेळ मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात पाहिली. माझं घड्याळ आत. फोन आत, चष्मा आत, बीपीची गोळी आत. माझे जुने विद्यार्थी येता-जाता नमस्कार करत होते. एकानं तर वाकून पायाला हात लावला, आणि “सर, काय करायलाव इथं बसून?” असं विचारलं. काय सांगणार? शेवटी समोरच्या गॅरेजमधलं एक पोरगं पेचकस घेऊन आलं. दाराच्या फटीत घातला, एक हिसका, दार दुमडून बाजूला. दोन मिनिटंही लागली नाहीत. मला कपडे मिळाले याचा आनंद झालाच, पण या कपाटात मी सहा महिने पाकीट ठेवत होतो, हेही त्याच क्षणी लक्षात आलं.

ते दार २२ गेज पत्र्याचं होतं. म्हणजे पाऊण मिलिमीटरच्याही आतलं. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १८ गेज साधारण सव्वा मिलिमीटर भरतो आणि असल्या दाराला तोच हवा. खरेदीच्या वेळी समितीतल्या एका सद्गृहस्थांनी “अठरा कशाला, बावीसचाच घ्या, मजबूत असतो” असं बजावून सांगितल्याचं मी स्वतः ऐकलंय. कोणी दुरुस्त केलं नाही. मीही नाही, कारण मी तिथं चहाला गेलो होतो आणि मला कोणी विचारलं नव्हतं. आता बोलतोय.

तलावाजवळ मुळात पत्रा नकोच. क्लोरीनची दमट हवा पावडर कोटिंगच्या, म्हणजे पत्र्यावर भाजून चढवलेल्या रंगाच्या, कडेकडेनं, स्क्रूच्या भोकांतून आत शिरते आणि दोन पावसाळ्यांत दार पोपडे धरतं. त्यात आमच्याकडे बोअरचं पाणी, क्षार इतके की बादलीला पांढरी कड येते. स्टीलचे घेऊ म्हणावं तर नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टीललाही क्लोरीननं खड्डे पडतात. ३१६ तग धरतं, पण ते महाग. कॉम्पॅक्ट लॅमिनेटचे, म्हणजे कागदाचे थर दाबून केलेल्या घट्ट फळ्यांचे, किंवा एबीएस नावाच्या टणक प्लॅस्टिकचे मिळतात, त्यांना गंजायला काही नसतंच. हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आमच्या गल्लीतला नळफिटिंगवालाही सांगेल.

पण आपल्याला यंत्र हवं. त्यातही फोटोत दिसतंय ते कपाट सहा दारांचं, एकावर एक. सहा फूट उंचीत सहा दारं म्हणजे एका खणाला फूटभर उंची. त्यात पोराचं हेल्मेट गेलं तर बूट बाहेर, बूट गेले तर पँटीची घडी रुमालाएवढी. दोन दारांचं घेतलं असतं तर सदरा खुंटीला लटकला असता आणि दाराच्या जाळीतून हवा लागून टॉवेल जरा तरी वाळला असता. तळाला चार इंच पाय नाहीत, त्यामुळं फरशी पुसली की पाणी थेट कपाटात. माथा सपाट, म्हणजे त्यावर चपला, बाटल्या आणि कोणाचा तरी विसरलेला लंगोट बसणार. उतरता माथा मिळतो. मागावा लागतो.

वार्ताहर पुढं लिहितात की अंगठा चालला नाही तर मोबाइलवर ओटीपी येईल. येईल ना. मोबाइल आत असेल. नको तो ओटीपी, चार आकडी चकत्यांचं कुलूप घेऊ म्हणावं, तर ते आकडे वाचायला मला चष्मा लागतो. चष्मा कुठं असेल, ते आपण आता ओळखलं असेलच. या अंगठ्याच्या कुलपांना सेल लागतात. सेल संपले की काय करायचं, हे ज्याला ठाऊक तो तेव्हा नांदेडला लग्नात असेल. साधा कडी-कोयंडा ठेवा. ज्यानं त्यानं आपलं कुलूप आणावं, जाताना काढून न्यावं, आणि रात्री बंद दिसेल ते कुलूप वॉचमननं सरळ कापावं. हा शेवटचा नियम केला नाही तर काय होतं तेही पाहतोय. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी चाळीसपैकी निम्मी दारं काही जणांनी दिवाळीपासून धरून ठेवली आहेत. माणूस महिन्यातून एकदा येतो, कुलूप रोज हजर.

आणि चाळीस हा आकडा तरी कुठून आला? एका बॅचला चाळीस जण, म्हणून चाळीस. पण सातला पहिली बॅच कपडे चढवत असते तेव्हाच दुसरी उतरवत असते. त्या पंधरा मिनिटांत ऐंशी माणसं आत असतात. शाळेत दोन पाळ्या चालवलेल्या कोणालाही हे कळेल.

हे सगळं पुरुषांच्या बाजूचं. मुलींच्या बाजूला काय आहे, हे बातमीत नाही, कारण तिथं फीत कापायला काही नाही. आठ खुंट्या आहेत. त्यातल्या दोन मोडक्या. मैदानावर खो-खोचा सराव करणाऱ्या पोरी आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरून पहिल्या एसटीनं येतात, सोबत शाळेचं दप्तर, डबा, बदलायचे कपडे. ती दप्तरं कडुनिंबाच्या फांदीला लटकलेली असतात. माकडं डबे नेतात. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्याकडे फटाके वाजले होते, त्याच वेळी खुंट्या बसवल्या. तेवढंच. बायकांसाठी आडोसा आणि कुलूप लागणारी बारा दारं एवढं मागणं तीन वर्षं पडून आहे. ‘मार्चअखेर पाहू’ हे उत्तर मी तीन मार्चांत तीनदा ऐकलं.

ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं तरणतलावाच्या लॉकरवर इतकं काय लिहायचं, असं पत्र आपल्याकडे उद्या येईल. येऊ द्या. तलाव मी मागितला नव्हता. तो बांधला, आमच्याकडून वर्षाची फी घेतली, आता कपडे ठेवायला जागा मागतोय.

जाता जाता. माझं मागचं पत्र आपण छापलं, त्याबद्दल आभार. पण त्यात ‘तरणतलाव’चा सगळीकडे ‘तारणतलाव’ झाला होता. मुलाच्या सासऱ्यांनी फोन करून विचारलं की तलाव गहाण टाकला का.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
(नाव व गाव छापू नये. मला अजून पोहायचं आहे.)

ता.क. जुने लॉकर भंगारात जाणार असं कळतं. १७ नंबरच्या तळाशी मागच्या फटीत माझी साबणाची डबी अडकली आहे, हिरवी. कोणाला सापडली तर वॉचमनकडे द्यावी.