हाइट किटबाबत तक्रार : गाडी उचलली, भार कुणी घ्यायचा?

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : हायड्रॉलिक सस्पेन्शनच्या गाडीसाठी विकलेल्या हाइट किटमुळे झालेले नुकसान, नाकारलेली वॉरंटी आणि दिशाभूल करणारे माहितीपत्रक

संदर्भ : आपल्या फिटिंग केंद्राचे जॉब कार्ड, आणि माझा वॉरंटीचा दावा फेटाळणारा आपला ईमेल

महोदय,

माझ्याकडे टोयोटा लँड क्रूझर १०० आहे. तिला कारखान्यातूनच एएचसी, म्हणजे हायड्रॉलिक हाइट कंट्रोल मिळालेले आहे. बटण दाबले की गाडी लो, नॉर्मल आणि हाय अशा तीन पातळ्यांवर बसते-उठते. तिला आपले हाइट किट, म्हणजे उंची वाढवणारे मॉड्यूल, मी आपल्याच अधिकृत केंद्रात, आपल्याच माणसांकडून बसवून घेतले. नॉर्मल पातळीच ५० मिलिमीटरने वर नेता येईल, तीही फोनवरून आणि ‘एकही स्प्रिंग न बदलता’, असे आपले आश्वासन होते. हे चार शब्द आपल्या माहितीपत्रकावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापले आहेत. माझी तक्रार मुख्यतः त्यांच्याबद्दलच आहे.

आधी सध्याची स्थिती सांगतो. गाडी लहानशा खड्ड्यावरही दगडासारखी आदळते. पंप सारखा चालू होतो. पुढच्या डाव्या सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) रबरी बूट, म्हणजे आवरण, घडीवर चिरला आहे, त्यातून उडालेल्या ग्रीसचा काळा पट्टा रिमच्या आतल्या बाजूला गोल बसला आहे. पुढचे टायर एका कडेने झिजले आहेत. डॅशबोर्डवरचा ‘ऑफ’चा दिवा अधूनमधून लुकलुकतो आणि मग हाइट कंट्रोल पूर्ण बंद पडते. किट बसवण्यापूर्वी यांपैकी एकही तक्रार नव्हती. हे माझे म्हणणे म्हणून धरू नका, फिटिंगच्या आधी आपल्याच तंत्रज्ञाने केलेल्या तपासणीत तसे लिहिले आहे.

आता कारणाकडे येतो. आपल्या ईमेलमध्ये ‘गाडीचे वय व वापर’ एवढ्या चार शब्दांत विषय मिटवला आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहावे लागत आहे.

या गाडीचे वजन एकटे तेल पेलत नाही. पुढे टॉर्शन बार (पीळ देऊन स्प्रिंगसारखी वापरलेली पोलादी सळई) आणि मागे कॉइल स्प्रिंग वजनाचा काही भाग घेतात, उरलेला भाग तेलाच्या दाबावर असतो. तेल दाबले जात नाही; लवचिकपणा येतो तो सस्पेन्शनला जोडलेल्या पोकळ गोळ्यांमधल्या नायट्रोजन वायूमुळे. गोळ्याच्या एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला तेल आणि मध्ये रबरी पडदा असतो. चाकाला धक्का बसला की तेल गोळ्यात घुसते आणि वायू आकसून तो धक्का पचवतो.

आपले मॉड्यूल या साखळीत काय करते? गाडीची उंची मोजणारे सेन्सर जो संकेत पाठवतात, त्यात मॉड्यूल फेरफार करते. गाडी खाली आहे असे कॉम्प्युटरला वाटते, तो पंपाला तेल ढकलायला सांगतो आणि गाडी वर येते. फोनच्या पडद्यावर हे छान दिसते. पण गाडी वर गेली की टॉर्शन बारचा पीळ सुटतो आणि कॉइल स्प्रिंग लांबते. म्हणजे त्यांनी पेललेले वजन कमी होते. ते हवेत विरत नाही, सगळे तेलावर येते. दोघांनी धरलेल्या गोणीचे एक टोक एकाने सैल सोडावे, तसा हा प्रकार आहे. तेलाचा दाब वाढतो, गोळ्यातला वायू आधीच चेपून बसतो आणि धक्का पचवायला जागाच उरत नाही. गाडी आदळते ती यामुळे.

दाब मोजता येतो, त्यासाठी अंदाज लागत नाही. या मालिकेत नॉर्मल पातळीवर पुढच्या बाजूचा दाब ६.९ मेगापास्कल, अधिकउणे ०.५ असावा लागतो. आपले किट चालू असताना स्कॅनरवर माझ्या गाडीचा दाब ८.६ दिसला. मॉड्यूल काढून गाडी मूळ उंचीला आणल्यावर तो पुन्हा मर्यादेत आला. दोन्ही वेळच्या स्कॅनरचे फोटो सोबत जोडले आहेत. गाडी तीच, इंधनाची पातळी तीच, आत बसलेले कोणी नाही.

गाडी खरेच वर न्यायची असेल तर टॉर्शन बारला जादा पीळ द्यावा लागतो, मागे जास्त ताकदीची कॉइल किंवा स्पेसर बसवावा लागतो, म्हणजे स्प्रिंग आपला वाटा पुन्हा उचलतात आणि तेलाचा दाब जागेवर येतो. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. हे या गाड्यांवर काम करणाऱ्या कोणत्याही जाणत्या मेकॅनिकला ठाऊक आहे. ‘एकही स्प्रिंग न बदलता’ हा आपल्या किटचा गुण म्हणून छापला आहे. प्रत्यक्षात ते अर्धवट सोडलेले काम आहे.

गोळे जुने असल्याने निकामी झाले, असे आपण लिहिता. गोळ्यांतला वायू वर्षांगणिक कमी होतो हे मलाही मान्य आहे. म्हणूनच त्याची तपासणी ठरलेली आहे : गाडी हायवर असताना आणि लोवर असताना तेलाच्या टाकीतली पातळी पाहायची आणि मधल्या खुणा मोजायच्या. नव्या गोळ्यांना साधारण १४ खुणांचा फरक पडतो, फरक ७ च्या आसपास आला की गोळे बदलायची वेळ झाली असे समजतात. आपल्या जॉब कार्डवर, आपल्या तंत्रज्ञाच्या अक्षरात, फिटिंगपूर्वीचा फरक १२ लिहिला आहे. मॉड्यूल काढून, गाडी मूळ उंचीला आणून मी केलेल्या तपासणीत तो ६ आहे. बारावरून सहावर यायला वय पुरेसे असते, पण मग ते काही महिन्यांत एकदम वाढले असे म्हणावे लागेल.

टाकीचा विषय निघालाच आहे तर हेही नोंदवतो. किट बसवून झाल्यावर आपल्या तंत्रज्ञाने गाडी हायवर असताना टाकीत पातळी कमी दिसते म्हणून वरपर्यंत तेल भरले. हायवर असताना तेल सिलिंडरमध्ये गेलेले असते, टाकी रिकामी दिसणारच. मी बाहेर पडून गाडी लोवर घेतली तेव्हा ते सगळे तेल परत आले आणि झाकणाखालून ओघळून चाकावर सांडले. गळतीची तक्रार घेऊन मी परत आलो, तर पाइपचे जोड आवळून दिले आणि त्याचे वेगळे बिल लावले. ते बिलही सोबत आहे. नुकसान मोठे नाही, पण ज्यांच्या हाती आपण हे काम सोपवता त्यांना टाकी कधी पाहायची हे सांगितलेले नसावे, ही गोष्ट मला त्या बिलापेक्षा जास्त खटकते.

सर्वांत गंभीर मुद्दा सुरक्षेचा आहे आणि त्यावर आपल्या ईमेलमध्ये एक अक्षरही नाही. मूळ व्यवस्थेत हायवर ठेवलेली गाडी ठरावीक वेगापलीकडे गेली की आपोआप नॉर्मलला उतरते. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, वेगात वळताना ती कलते, म्हणून ही सोय आहे. आपले मॉड्यूल कॉम्प्युटरला खरी उंची कळूच देत नाही. त्याच्या लेखी गाडी नॉर्मलला आहे, मग तो उतरवणार कशाला? परिणामी गाडी ५० मिलिमीटर उंच अवस्थेत महामार्गाच्या वेगाने धावते आणि चालकाला सूचना देणारा एकही दिवा लागत नाही. हेडलाइटचा झोत वर गेल्यामुळे समोरचे चालक सारखे डिपर मारतात, ते वेगळेच. झोत खाली घ्यायला हवा हे आपल्या पुस्तिकेत कुठेही नाही. वेगाची मर्यादा पाळा, असेही नाही.

पुस्तिकेत आणखी एक गोष्ट नाही. ती नसणे मला अक्षम्य वाटते. गाडी जॅकवर घेण्यापूर्वी किंवा खाली काम करण्यापूर्वी हाइट कंट्रोल बंद करावे आणि गाडी पक्क्या स्टँडवर टेकवावी, ही सूचना. तेलाच्या दाबावर उभी असलेली गाडी नळी सुटली तर खाली बसते. त्यात आपले मॉड्यूल फोनवरून उंची बदलते, म्हणजे गाडीखाली माणूस असताना दुसरा कोणी बाहेरून, नकळत, ती खाली घेऊ शकतो. आपल्या अॅपमध्ये याला कुलूप नाही. मी शोधले. दाबाखालचे तेल बारीक फटीतून उडाले तर कातडीच्या आत शिरू शकते, त्यामुळे नळी उघडण्याआधी दाब उतरवायचा असतो. हा इशाराही सापडला नाही. रंग निवडण्याची सोय मात्र अॅपमध्ये आहे.

आता माहितीपत्रकातला दुसरा दावा : ‘ग्राउंड क्लिअरन्स ५० मिलिमीटरने वाढतो.’ या गाडीला मागे सलग एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाके एकाच ताठ आसाने जोडलेली आहेत. सस्पेन्शन उचलले की बॉडी आणि चेसिस वर जातात, चढाला लागताना पुढचा कोन सुधारतो, पोटाखाली जागा वाढते. तेवढे खरे. पण डिफरन्शिअलचा गोळा एक्सलवर असतो आणि एक्सल चाकांवर. तो एक मिलिमीटरही हलत नाही. त्याला वर न्यायला मोठा टायरच लागतो. दगडावर आधी घासतो तो हाच भाग, हे ऑफ-रोडचे सामान विकणाऱ्या कंपनीला मी सांगावे का? आपल्या केंद्रातही उंची जमिनीपासून मोजून दाखवली गेली. ती हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतात, म्हणजे टायरचा आणि हवेचा फरक मध्ये येत नाही. तसे मोजल्यावर पुढे ४६ आणि मागे ५१ निघाले. पुढच्या चार मिलिमीटरसाठी मी भांडत नाही.

ऑफ-रोडचेच म्हणाल तर उंची वाढवून गाडी काही ठिकाणी आधीपेक्षा लंगडी झाली आहे. चाक वर जायला जशी जागा लागते तशी खाली लोंबायलाही लागते. आपण वाढवलेली उंची त्या खालच्या प्रवासातून कापली गेली आहे. घळीत एक चाक खाली सोडावे लागते तिथे ते पूर्वी जमिनीला टेकत होते, आता हवेत फिरते. आणि मॉड्यूल चालू असताना हायचे बटण दाबले तर पुढचे सस्पेन्शन थांब्याला धडकते, तो आवाज गाडीत बसलेल्या सगळ्यांना ऐकू येतो. पंप तरीही ढकलत राहतो.

इतके असूनही दावा फेटाळताना आपण कारण दिले : ‘ऑफ-रोड वापरामुळे वॉरंटी लागू नाही.’ किटच्या खोक्यावर चिखलातून चढणाऱ्या गाडीचे चित्र आहे. ज्या कामासाठी विकले त्याच कामाला वापरले म्हणून हमी रद्द होत असेल, तर ही हमी नेमकी कुणासाठी आहे ते एकदा लेखी कळवावे.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर असेही सांगितले की ‘हे तंत्रज्ञान नवे आहे, थोडेफार होणारच’. सिट्रोएनने १९५४ साली एका मोटारीच्या मागच्या चाकांना आणि १९५५ साली डीएसच्या चारही चाकांना नायट्रोजनचे गोळे आणि तेल यांवर चालणारे, उंची बदलणारे सस्पेन्शन दिले होते. माझी गाडी ज्या मालिकेतली आहे तीसुद्धा १९९८ साली आली. यात नवे आहे ते फक्त आपले मॉड्यूल, आणि त्याची चाचणी माझ्या गाडीवर माझ्या खर्चाने झाली.

माझ्या मागण्या अशा. किटची आणि फिटिंगची पूर्ण रक्कम परत मिळावी. चारही गोळे, सीव्ही बूट, तेल बदलणे आणि अलाइनमेंट यांचा खर्च, तसेच पाइप आवळण्याचे ते बिल आपण भरावे. काम मी माझ्या मेकॅनिककडून करून घेईन, आपल्या केंद्रात गाडी पुन्हा देणार नाही. झिजलेल्या टायरांबद्दल मी अडून बसणार नाही, त्यावर आपण काय देता ते कळवावे. हे किट घेतलेल्या सर्व ग्राहकांना आपण लेखी कळवावे की गाडीखाली जाण्याआधी मॉड्यूल आणि हाइट कंट्रोल दोन्ही बंद करा, आणि उंच अवस्थेत वेगाने गाडी चालवू नका. या एका मागणीवर तडजोड नाही. पैशांचा वाद मिटायला वेळ लागला तरी ही सूचना या आठवड्यात जायला हवी.

मॉड्यूल मी काढून ठेवले आहे. ते तपासणीसाठी हवे असल्यास माणूस पाठवून, पोच देऊन न्यावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक म्हणून मला खुला असलेला पुढचा मार्ग मी घेईन आणि त्या वेळी आपले जॉब कार्ड हाच माझा पहिला पुरावा असेल.

कळावे,

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व गाडीचा तपशील जॉब कार्डप्रमाणे)

सोबत : जॉब कार्डची प्रत, दोन्ही वेळच्या दाबाचे फोटो, टाकीच्या खुणांचे फोटो, फाटलेल्या बूटचा फोटो, पाइप आवळल्याचे बिल, दावा फेटाळणाऱ्या ईमेलची प्रत