अल्को इंजिनांचा आवाज नॉचनिहाय मुद्रित करून ठेवावा

महोदय,

२०२२ साली कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाले आणि मुंबईहून सुटणाऱ्या मांडवी, कोकणकन्या या गाड्यांना विजेची इंजिने लागू लागली. धूर कमी झाला, इंधन वाचले. त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र ज्या अल्को (अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी) बनावटीच्या डिझेल इंजिनांचा आवाज ऐकत आमच्या दोन पिढ्या वाढल्या, तो आवाज नीट मुद्रित करून ठेवण्यासाठी आता फार थोडा अवधी उरला आहे, म्हणून हे पत्र.

मी परळला राहतो आणि गेली अनेक वर्षे १:८७ या प्रमाणात रेल्वेची मॉडेल्स करतो. घरात जागा नाही, त्यामुळे रूळ भिंतीलगतच्या फळीवर आहेत. या छंदाकडे खेळणे म्हणून पाहणाऱ्यांना बहुधा माहीत नसते की, त्यात सर्वांत अवघड काम रंगाचे किंवा रुळांचे नसून आवाज आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारे हँडल) यांचा मेळ घालण्याचे असते. जुन्या पद्धतीत रुळांतून शून्यापासून बारा व्होल्टपर्यंत वीज सोडली जाते; बटण फिरवले की गाडी पळते आणि बटण हाच तिचा वेग ठरतो. अशा मॉडेलला आवाज जोडला, तर तो वेगाबरोबर चढतो आणि वेगाबरोबर उतरतो, जसा तो मोटारसायकलच्या एकाच गिअरमध्ये येतो. खऱ्या डिझेल इंजिनाचे तसे नसते. लोको पायलटच्या हातातील थ्रॉटलला आठ नॉच, म्हणजे टप्पे, असतात आणि प्रत्येक नॉच ठरवतो तो इंजिनाच्या फेऱ्या आणि त्याची शक्ती. गाडीचा वेग हा त्यानंतरचा परिणाम असतो. जड मालगाडी सुटताना चौथ्या-पाचव्या नॉचवर इंजिन घुमत असते, धूर उसळत असतो आणि चाके मात्र जेमतेम सरकत असतात. उलट उतारावर गाडी वेगात असताना हँडल आयडलवर, म्हणजे इंजिन नुसते सुरू राहील अशा स्थितीत, आणलेले असते आणि इंजिन शांतपणे धडधडत असते.

हा फरक मॉडेलमध्ये आणणे डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीमुळे शक्य झाले आहे. यात रुळांवर वीज कायम असते, तिच्यातूनच अंकीय आज्ञा जातात आणि प्रत्येक इंजिनातील डिकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी उचलतो. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या सीव्हीत (वेग घेणे आणि थांबणे ठरवणाऱ्या सेटिंगच्या खणांत) मोठे आकडे भरले, की हातभर लांबीची गाडीही हजार टनांच्या गाडीसारखी रेंगाळत वेग घेते आणि रेंगाळतच थांबते. ‘ड्राइव्ह होल्ड’सारखी सोय असलेल्या डिकोडरमध्ये मोटरचा वेग आहे तिथे रोखून केवळ इंजिनाचा आवाज एकेक नॉच चढवता-उतरवता येतो. चढावर मोटरवर ताण पडला, तर तोही डिकोडरला कळतो आणि आवाज भरदार होतो. हे पहिल्यांदा जमले, त्या रात्री मी कितीतरी वेळ एकच गाडी त्याच तीन फुटांत मागेपुढे करत होतो.

अडचण आहे ती आवाजाच्या मुळाशी. डब्ल्यूडीएम-२ हे अल्कोचे इंजिन १९६२ साली अमेरिकेतून आले आणि १९६४ पासून वाराणसीत तयार होऊ लागले. त्याच्या सोळा सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या आयडलवर मिनिटाला ४०० आणि आठव्या नॉचवर १००० फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे सेकंदाला सुमारे ५३ ते १३३ स्फोट. पुढे आलेले डब्ल्यूडीजी-४ हे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेरीला स्फोट होणारे, असल्यामुळे त्याचे स्फोट पूर्ण शक्तीवर सेकंदाला २४० च्या आसपास जातात आणि त्याचा सूर वेगळाच लागतो. एकाचा आवाज दुसऱ्याला चालत नाही. परदेशी डिकोडरमध्ये अल्कोचा आवाज मिळतो, पण तो अमेरिकेत मुद्रित केलेला असतो. त्यासोबत तिथल्या इंजिनांची घंटा आणि अनेक सुरांचा हॉर्न येतो, आपल्या इंजिनांचा दोन सुरांचा हॉर्न येत नाही. फलाटावर मोबाइलने टिपलेल्या आवाजात उद्घोषणा, चाकांची घरघर आणि गर्दीचा कल्लोळ मिसळलेला असतो आणि एकाच नॉचचा काही सेकंदांचा स्थिर, स्वच्छ तुकडा त्यातून काढता येत नाही. मॉडेलमधील पंधरा मिलिमीटरच्या स्पीकरमधून ५३ हर्ट्झचा मूळ सूर निघतच नाही. वरच्या सुरांवरून कान तो भरून काढतो, म्हणून तर ते वरचे सूर स्वच्छ असावे लागतात.

यासाठी नवे काहीच उभारावे लागणार नाही. दुरुस्तीनंतर डिझेल इंजिन शेडमध्ये लोड बॉक्सला (इंजिनावर भार टाकणाऱ्या उपकरणाला) जोडून तपासतात. तेव्हा ते जागचे न हलता खऱ्या भाराखाली एकेका नॉचवर चालते. असा मुद्रणाचा योग धावत्या गाडीवर कधीच येणार नाही. मध्य रेल्वेने कल्याणच्या डिझेल शेडमध्ये अशा एका चाचणीच्या वेळी सुरू होण्यापासून बंद होईपर्यंतचा आवाज, चढते आणि उतरते आठही नॉच, कॉम्प्रेसर, हॉर्न आणि ब्रेक सुटतानाची हवा असे सारे वेगवेगळे मुद्रित करू द्यावे, ही माझी विनंती आहे. सुरक्षेचे जे नियम असतील ते पाळून माझ्यासारखे छांदिष्ट आपले मायक्रोफोन घेऊन स्वखर्चाने येतील. त्या मुद्रणाची एक प्रत रेल्वेच्या वारसा विभागाकडे राहावी आणि ती कोणालाही विनामूल्य मिळावी. शेडमध्ये अल्को इंजिन चाचणीसाठी उभे राहते आहे, तोवरच हे होऊ शकेल.

आपला,
एक मॉडेल रेल्वेप्रेमी वाचक, परळ, मुंबई