थकव्याची पेन्शन

सॅन अँटोनिओ, टेक्सास

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "थकवा कुणाला येत नाही? त्याची पेन्शन मागतात होय तिकडे?" आई मागून तुम्हाला गप्प बसवत होती, पण मला राग आला नाही. इथे माजी सैनिकांच्या अपंगत्वाच्या दाव्यांचे निकाल लिहिणाऱ्यांच्या मनातही हाच प्रश्न असतो, फक्त ते तो कायद्याच्या भाषेत लिहितात. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. तुम्ही मराठा लाइट इन्फंट्रीत उमेदीची वर्षं काढलीत. मी काय सांगते आहे ते तुम्हाला चटकन कळेल.

सध्या वकील म्हणून ज्यांच्या अपंगत्वाच्या अपिलावर काम करते आहे ते गृहस्थ १९९१ साली, आखाती युद्धात, कुवेतमध्ये अमेरिकी लष्कराचा ट्रक चालवत होते. नावगाव सांगता येणार नाही. इराकी फौज माघार घेताना सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवून गेली होती, त्या धुरात भर दुपारी दिवे लावून गाडी हाकावी लागे. नर्व्ह गॅसच्या भीतीने दिलेल्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या होत्या, तंबूंवर फवारलेली कीटकनाशकं होती. इराकमध्ये खामिसियाला अमेरिकी तुकड्यांनी शत्रूचा दारूगोळा उडवला, त्यात सारिन हा नर्व्ह गॅस भरलेली रॉकेट होती हे पुढे कळलं. यातल्या कशाने नेमकं काय बिघडलं यावर अजून वाद आहे. पण त्या युद्धात गेलेल्या सुमारे सात लाख अमेरिकी सैनिकांपैकी फार मोठी संख्या आजारी होऊन परतली, हे आता कुणी नाकारत नाही.

हे गृहस्थ घरी आले, एका हिवाळ्यात ताप आला, घसा धरला, आणि मग गडी पुन्हा उभा राहिलाच नाही. रात्रभर झोपून उठले तरी अंग झोप न झाल्यासारखंच. बोलता बोलता शब्द सापडत नाही. घरातला एक नळ दुरुस्त केला तर त्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र अंथरुणातून उठवत नाही. बाबा, दिवसभराच्या रूट मार्चनंतरचा थकवा तुम्हाला माहीत आहे, एका झोपेत उतरणारा. हा उतरत नाही. क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात याला. २०१५ साली इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मोठा अहवाल काढून सांगितलं की हा मनाचा खेळ नाही, शरीराचा गंभीर आजार आहे. पण रक्ताच्या एखाद्या तपासणीत तो दिसत नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि माणूस खोटा ठरतो.

कायदा खरं तर सैनिकाच्या बाजूचा आहे. २ ऑगस्ट १९९० नंतर त्या युद्धक्षेत्रात नोकरी केलेल्याला हा आजार असेल, तर तो नोकरीमुळेच झाला असं सरकारने धरून चालायचं. कारण शोधून सिद्ध करण्याचा बोजा सैनिकावर नाही. आणि आमच्या गृहस्थांच्या तपासणीच्या अहवालात डॉक्टरांनी काय लिहिलं? "आजार नोकरीमुळे झाल्याची शक्यता कमी वाटते." अहो, हे त्यांना कायद्याने विचारलेलंच नव्हतं! त्या एका वाक्यावर दावा फेटाळला गेला. आमचं निम्मं अपील त्या वाक्याविरुद्ध आहे.

असं ह्या एकाच माणसाचं झालेलं नाही. सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेने २०१७ मध्ये आकडे मांडले. २०१५ या आर्थिक वर्षात आखाती युद्धाशी जोडलेल्या आजारांचे १७ टक्के दावे मंजूर झाले, इतर अपंगत्वांचे ५७ टक्के. या आजारांबद्दल तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी दीड तासाचं प्रशिक्षण होतं, पण ते ऐच्छिक, आणि तोवर साधारण दहातल्या एकानेच ते घेतलं होतं. दीड तास, बाबा! ज्यांनी घरदार सोडून वाळवंटात जायचा हुकूम मानला, त्यांच्यासाठी एवढाही वेळ निघू नये, याचा मला मनापासून संताप येतो.

दुसरी अडचण नियमाच्या घडणीतच आहे. निदान मान्य व्हायला रोजचं चलनवलन सहा महिने तरी पूर्वीच्या निम्म्याहून खाली गेलेलं हवं, दुसरे सगळे आजार वगळलेले हवेत, आणि ठरवून दिलेल्या दहा लक्षणांपैकी सहा हवीत. श्रमानंतर चोवीस तास किंवा त्याहून अधिक टिकणारा थकवा हे त्या दहांतलं एक. आजचं वैद्यक त्यालाच या आजाराची मुख्य खूण मानतं, नियम मात्र जुन्या समजुतीवर थांबला आहे. त्यातून कुणाला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असला किंवा उदासी असली, की सगळा थकवा त्याच्याच खाती टाकून मोकळे होतात.

मग अपंगत्वाची टक्केवारी. १०, २०, ४०, ६० किंवा १००. वर्षात किती आठवडे माणूस अंथरुणाला खिळला यावर ती मिळू शकते, पण ते दिवस धरायला डॉक्टरांचे उपचार आणि अंथरुणातली विश्रांती दोन्ही लागतात. या आजारावर असा कागद सहसा कुणी डॉक्टर लिहून देत नाही. म्हणून आम्ही नियमातली दुसरी वाट धरतो. थकवा जवळजवळ कायम आहे आणि त्यामुळे रोजची कामं पूर्वीच्या किती टक्क्यांवर आली, हे दाखवायचं. हे कोण सांगणार? घरातलं माणूस. त्यांच्या पत्नीने तीन पानं लिहून दिली आहेत. तपासणीच्या दिवशी ते दाढी करून, ताठ चालत गेले, म्हणून अहवालात "चालणं सामान्य" असं आलं. पुढचे दोन दिवस त्यांना ताटही बिछान्यावर द्यावं लागलं, ते तिने लिहिलं. आई, ती पानं वाचताना मला तुझी आठवण आली. बाबा सुट्टीवर आले की त्यांचं काय दुखतंय हे फक्त तुलाच कळायचं.

बाबा, तुम्ही तरी एमआय रूमची, पलटणीच्या दवाखान्याची, पायरी कधी चढलात? सिक रिपोर्ट केला की कामचुकार ठरायचं, म्हणून गुडघा सुजला तरी परेडला उभे राहायचात. इथलेही तसेच. नोकरीच्या काळातल्या कागदांत त्यांची जेमतेम एक नोंद आहे, घसा दुखत असल्याची. तेव्हाचे वैद्यकीय कागद नाहीत एवढ्याच कारणाने सैनिकाचं किंवा त्याच्या घरच्यांचं सांगणं खोटं ठरवता येत नाही, असा २००६ चा वरिष्ठ कोर्टाचा निवाडा आहे. आणि दोन्ही बाजूंचा पुरावा सारखा भरला, तर संशयाचा फायदा सैनिकालाच. या दोन गोष्टींच्या बळावर आम्ही लढतो आहोत. २०१९ पासून अपिलाच्या तीन वाटा आहेत. आम्ही सुनावणीची मागितली आहे, कारण न्यायाधीशांनी त्यांना बोलताना ऐकावं असं मला वाटतं. वेळ फार जातो, पण पर्याय नाही.

आता तुमच्याकडचं काम. खालच्या आळीतल्या नानांना लष्कराच्या मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं आणि "आजाराचा नोकरीशी संबंध नाही" म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाकारली, असं तुम्ही मागे बोलला होतात. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं आहे की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं, आणि बोर्डाला वेगळं म्हणायचं असेल तर कारणं लिहावी लागतात. २०२३ मध्ये नियम बदलले, पण नाना त्याच्या कितीतरी आधी घरी आले. माझी वकिली तिकडे चालत नाही, म्हणून त्यांना साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. जाताना भरतीच्या वेळचा वैद्यकीय फॉर्म, बोर्डाचे कागद आणि नकाराचं पत्र सोबत न्या. आधी मला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या पानांचे फोटो पाठवा, मागची बाजूसुद्धा. आणि नानींना सांगा, नानांना सकाळपासून रात्रीपर्यंत काय जमतं आणि काय जमत नाही ते साध्या वहीत लिहायला आजच सुरुवात करा.

आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या बदलल्या का ते कळव.

तुमची,
वैशू