कार्बनचं विमान आणि तांब्याची जाळी

प्रिय आई-बाबा आणि दादू,

परवा फोनवर बाबांनी विचारलं ते अर्धवटच राहिलं, कारण मागून आईचं चालू होतं की वीज पडली तर काय गं होतं तुमच्या त्या विमानांचं, म्हणून आता नीट बसून लिहितेय, लांबेल पण वाचा.

आई, आधी तुझं. विमानाला वीज लागणं ही काही आक्रीत गोष्ट नाहीये. प्रवासी विमानाला सरासरी वर्षातून एकदा तरी लागतेच, आणि बहुतेक वेळा विमानच तिला निमित्त होतं. ढग भारलेला असतो, त्यातून विमान गेलं की नाकाशी, पंखांच्या टोकांशी इलेक्ट्रिक फील्ड इतकं वाढतं की वीज तिथूनच सुरू होते, मग एका टोकाने आत येते आणि दुसऱ्या टोकाने, बरेचदा शेपटीकडून, बाहेर पडते. नासाने १९८० च्या दशकात एक एफ-१०६ विमान मुद्दाम वादळांत नेऊन याचा अभ्यास केला. त्या एका विमानाला ७०० पेक्षा जास्त वेळा वीज लागली. त्या पायलट लोकांबद्दल मला फार आदर आहे, आज आम्ही जे नियम पाळतो त्यातलं बरंच त्यांच्या कामातून आलंय.

आता बाबांचा प्रश्न, की अॅल्युमिनियमचं ठीक, पण कार्बन फायबरचं विमान वीज कशी सोसतं. बाबा, प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. अॅल्युमिनियम वीज छान वाहून नेतं, अख्खी बॉडीच वायर असल्यासारखी, करंट बाहेरच्या पत्र्यावरून निघून जातो, आतल्या माणसांना काही होत नाही. पण बोइंग ७८७ मध्ये वजनाने निम्मं आणि एअरबस ए३५० मध्ये ५३ टक्के कॉम्पोझिट आहे, म्हणजे मुख्यतः कार्बनचे धागे रेझिनमध्ये बसवून केलेलं मटेरियल. त्यातला कार्बनचा धागा वीज नेतो पण अॅल्युमिनियमच्या मानाने हजारपट वाईट, आणि धाग्यांना धरून ठेवणारं रेझिन तर जवळजवळ नेतच नाही. टेस्टिंगला जी सगळ्यात जोराची वीज धरतात ती २ लाख अँपिअरची. एवढा करंट कार्बनमध्ये शिरला की जागा मिळत नाही, तिथल्या तिथे गरम होतं, रेझिनची वाफ होते, ती वाफ दोन थरांच्या मध्ये अडकते आणि थर आतून फोडते. वरून बघाल तर एक काळा डाग आणि चार धागे उसवलेले, आत मात्र थर हातभर सुटलेले असू शकतात. म्हणून वीज लागलेलं विमान आलं की आम्ही नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाही, ठोकून आवाज ऐकतो, अल्ट्रासाउंड लावतो.

हे होऊ नये म्हणून सगळ्यात बाहेरच्या थरात, पेंटच्या खालीच, तांब्याची बारीक जाळी घालतात. तिलाच आम्ही दिवसभर मेश मेश म्हणतो. बरीचशी विणलेली नसते, तांब्याच्या पातळ पत्र्याला चिरा देऊन तो ताणतात, कागदाला आलटून पालटून कात्री मारून ओढला की जशी शंकरपाळ्या आकाराची भोकं पडतात तशी. फायदा हा की सगळी जाळी एकाच तुकड्याची राहते, तारेवर तार टेकवून सांधा होत नाही, करंटला कुठे अडायला होत नाही. आणि भोकांतून रेझिन आरपार जातं त्यामुळे ती कार्बनला घट्ट बसते, तो भाग भट्टीत भाजून पक्का करतानाच सोबत भाजली जाते. वजन ऐकून दादूला मजा वाटेल, हलकी जाळी चौरस मीटरला ७३ ग्रॅम, आणि वीज जिथे थेट लागायची शक्यता जास्त तिथे जड, १९५ ग्रॅमपर्यंतची. वीज आली की जाळी लागल्या जागी स्वतः वितळते, वाफ होऊन उडून जाते, पण तेवढ्या क्षणात करंट चहूकडे पसरवून देते आणि खालचा कार्बन वाचतो. इतकी पातळ वस्तू आणि एवढं काम, मला अजूनही दरवेळी हात लावताना भारी वाटतं.

अॅल्युमिनियमची जाळी का नाही, ती तर आणखी हलकी? असते, वापरतात पण. पण अॅल्युमिनियम कार्बनला टेकलं आणि ओल आली की अॅल्युमिनियम गंजत जातं, मग मध्ये काचेच्या धाग्याचा एक थर घालावा लागतो आणि वाचवलेलं वजन तिथेच जातं. तांब्याचं कार्बनशी त्या मानाने बरं जमतं.

माझं काम यातल्या रिपेअरचं, आणि खरं सांगू, मला वाटतं सगळी परीक्षा तिथेच आहे. फॅक्टरीत जाळी मशीनच्या शिस्तीत बसते, रिपेअरला हाताने. खराब भाग घासून काढायचा, कार्बनचे थर एकेक परत भरायचे, आणि वरून नवीन जाळी जुन्या जाळीवर ठरलेल्या मापाने चढवून बसवायची, तिथे सांधा विजेसाठी अखंड झाला पाहिजे. नुसतं दिसायला गुळगुळीत झालं म्हणजे झालं असं नाही, मिलिओहम मीटर लावून रेझिस्टन्स बघायचा. जुन्या-नव्या जाळीत फट राहिली तर पुढची वीज बरोब्बर त्या फटीशी अडणार. आणि पेंट! लोकांना वाटतं जाड पेंट म्हणजे जास्त संरक्षण, उलटं आहे. विमान पुढे पळत असतं म्हणून वीज त्याच्या अंगावरून मागे सरकत जाते, पण पेंट जाड असला की ती सरकत नाही, एकाच भोकात अडकून खोल जाळते. म्हणून पेंटच्या जाडीला मॅन्युअलमध्ये मर्यादा असते, आणि जुना काढताना जास्त घासलं तर जाळीच कापली जाते. मी तरी तिथे घाई करत नाही, सुपरवायझर कितीही घड्याळ बघू देत.

दादू, तू जे कतारच्या ए३५० बद्दल वाचलंस ते हेच. पेंट, तांबं आणि कार्बन गरम-थंड होताना सारखे फुगत-आकसत नाहीत, त्यामुळे पेंटला तडे गेले, काही ठिकाणी जाळी उघडी पडली. एअरबस आणि कतार एअरवेजचं लंडनच्या कोर्टात भांडण गेलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये मिटलं. युरोपच्या सेफ्टी एजन्सीने मात्र उड्डाणाला धोका नाही असंच म्हटलं होतं.

इंधनाच्या टाकीचं राहिलं. १९६३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत एल्कटनजवळ पॅन अॅमचं बोइंग ७०७ विजेने टाकीतल्या वाफेला पेट घेऊन पडलं, ८१ माणसं गेली, आणि ते तर अॅल्युमिनियमचं होतं. त्यानंतर टाकीच्या बाबतीत नियम फार कडक होत गेले. कार्बनच्या पंखात टाकी म्हणजे पंखच, म्हणून तिथल्या प्रत्येक फास्टनरशी, म्हणजे बोल्टशी, ठिणगी होऊ नये यासाठी त्याभोवती घट्ट बसणाऱ्या स्लीव्ह म्हणजे धातूच्या नळ्या, आतून सीलंटच्या (फटी बुजवणाऱ्या लेपाच्या) टोप्या, असं एकावर एक संरक्षण असतं. एक गेलं तरी दुसरं उभं.

आणि नाकावर जाळी का नसते, तर तिथे आत रडार असतं, धातूने झाकलं तर आंधळं होईल. म्हणून नाकावर धातूच्या पट्ट्या लावतात, वीज त्यांच्यावरून मागे बॉडीवर जाते. दादू, पुढच्या वेळी विमान जवळून दिसलं तर नाकावर त्या पट्ट्या शोध, टोकापासून मागे निघालेल्या असतात, बऱ्याच विमानांवर दिसतात.

तुमची,
मनी