मनूला सरळ विचार

स्विंडन, इंग्लंड, ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलायला जमलं नसतं. तुझ्या मागे टीव्ही चालू असतो आणि भावजी दोन शब्द ऐकून तिसरा मनानेच जोडतात. म्हणून कागद घेतला.

दादाच्या मनूला सहामाहीत ५४ टक्के पडले, हे तू तीनदा सांगितलंस. बोलता बोलता हेही म्हणालीस, की दादा सांगत होता ती रात्रभर जागीच असते, पेटीचा क्लास सोडलाय, आणि चतुर्थीला सावंतवाडीला आली तेव्हा आपले चांदीचे कानातले चुलत बहिणीला देऊन टाकले. तुला मार्कांचा घोर लागलाय. मला त्या कानातल्यांचा.

इथे शाळेत मदतनीस म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं: मूल आवडीची गोष्ट सोडतं, जपलेल्या वस्तू वाटून टाकतं, ‘मी नसते तर बरं’ असं हसत हसत म्हणतं, तेव्हा त्याला नाटक म्हणायचं नाही.

तू म्हणशील, ही गोऱ्यांची थेरं. मग गोव्याचंच ऐक. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेच्या लोकांनी १६ ते २४ वयाच्या ३,६६२ मुलामुलींना विचारून केलेला अभ्यास २००९ साली छापून आला. आधीच्या तीन महिन्यांत जिवाचं बरंवाईट करण्यापर्यंत गोष्ट गेल्याचं १४४ जणांनी सांगितलं. शंभरात जवळजवळ चार, त्यातही मुली जास्त. हे कशाकशाशी जोडलेलं निघालं? घरात बसणारा मार, कधीतरी झालेला लैंगिक अत्याचार, शाळा-कॉलेज सुटणं, आणि मनातली सततची घालमेल. आपले निर्णय आपणच घेणारी मुलंही त्यात होती, याचं मला आधी नवल वाटलं. पण आपल्याकडे पोर समंजस म्हटली की तिला कोणी काही विचारत नाही, नाही का? मनूही ‘समंजस’च.

आता दादा. त्याची माया मला ठाऊक आहे, पण दोन पेग झाले की त्याचा हात उठतो, हे म्हापशाच्या त्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तू म्हणतेस, आपणही पेडण्याच्या घरी बाबांचा पट्टा खाल्ला, काय झालं आपल्याला? मला झालं होतं, ताई. बारावीला होते. तू लग्न होऊन गेली होतीस. कितीतरी दिवस मला सकाळ व्हायलाच नको असायची. एक दिवस शाळेतल्या बाईंनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि विचारलं, “जगू नये असं वाटतं का गं तुला?” त्या विचारण्याने माझ्या डोक्यात नवीन काही शिरलं नाही. जे होतं ते बाहेर पडलं. पुढे ट्रेनिंगमध्येही हेच सांगितलं, की विचारल्याने मुलाच्या मनात तो विचार पेरला जात नाही.

तेव्हा शनिवारी बस धर. एकटी जा. मार्कांचा विषय काढू नकोस, तिला बाजारात घेऊन जा, आणि तिथे किंवा परतताना सरळ विचार, अगदी त्याच शब्दांत. ती हो म्हणाली तर रडू नकोस, शपथा घालू नकोस, ऐकत राहा. मग तिला एकटी सोडू नकोस, आणि घरातल्या गोळ्या-औषधं कुलपात जाऊ देत. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी फोनसेवेचा नंबर, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलतात. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. लोक ते नाव काढून हसतात, हसू देत. त्याच दिवशी घेऊन जा.

दादाशी मी बोलते, ते माझ्यावर सोड. भावजींना हे पत्र दाखवायचं की नाही, तू ठरव. मनूला मात्र बारावीचं माझं सांगितलंस तरी चालेल.

आणि ते कानातले परत मागून आणू नकोस हं.

तुझी,
शुभा