स्वातीस, गुहागरला निघण्याआधी

पाटण, बुधवार रात्र

चि. स्वातीस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी मधेच ठेवला. ठेवायला नको होता. चाळीस मोटारसायकली पुण्याहून गुहागरला निघणार, उंब्रजवरून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर आणि खाली कुंभार्ली घाट, एवढंच तू सांगत होतीस. घरावरून जाणार पण थांबता येणार नाही, "सगळे बरोबर असतात अण्णा" असं म्हणालीस आणि माझं डोकं फिरलं. गाडी विकून टाक म्हणालो. ते शब्द मी मागं घेतो. आई तेव्हापासून माझ्याशी "जेवायला या" एवढंच बोलते.

मुलगी म्हणून मी तुला अडवत नाही. आक्का तसं बोलली असेल, मी बोललो नाही. पगारातले पैसे साठवून तू बुलेट घेतलीस, चाकाखाली लिंबू ठेवलंस आणि पहिल्या फेरीला मला मागं बसवलंस. दुसऱ्या दिवशी मी आमच्या एसटी डेपोत जाऊन पेढे वाटून आलो. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी गेलो. दोनशे किलोची गाडी माझी पोरगी एका दमात स्टँडवरून काढते, हे मी चार माणसांत सांगतो. तुला कधी सांगितलं नव्हतं.

मला भीती बुलेटची नाही आणि घाटाची तर नाहीच. भीती त्या "सगळे बरोबर असतात" ची आहे.

हिशेब करून बघ. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. दोन ओळी मागं-पुढं धरून, एकीमागं एक असं एकेका सेकंदाचं अंतर ठेवलं, तरी ४० गाड्यांची रांग साडेसहाशे मीटर होते. सगळ्यांत पुढचा गडी गतिरोधक ओलांडून पुन्हा ६० वर जातो, तेव्हा मागचे अजून गतिरोधकावर यायचे असतात. दुसरा जरा उशिरा वेग घेतो, तिसरा आणखी उशिरा. असं करत करत शेवटच्याला नुसती रांग धरायला ८०-९० नं हाणावी लागते. पुढच्याला वाटतं, आपण आरामात चाललोय. मागचा जीव तोडून पळत असतो, आणि नवशिक्याला बहुतेक मागंच टाकलेलं असतं. म्हणून सांगतो, मागं पडलीस तर गाठायला जाऊ नकोस.

तू आठवीत असताना एका रात्री मी न जेवता झोपलो होतो. तुला वाटलं, गणिताच्या मार्कांवरून चिडलेत. मार्कांचं काही नव्हतं. त्या दिवशी मी चिपळूणहून एसटी घेऊन घाट चढत होतो. वरून मोटारसायकली उतरत होत्या, पंधरा-वीस असतील. शिस्तीत गेल्या, दोघांतिघांनी हातही केला. मला वाटलं, संपल्या. पुढच्या वळणाला मी गाडी बाहेरून घेतली. लांब गाडीला तसं घ्यावंच लागतं, नाहीतर मागचं चाक आत कापतं आणि गटारात जातं. तेवढ्यात समोरून एकटाच एकजण आला, रांग गाठायला निघालेला. मी गाडी जागेवर उभी केली. त्यानं वळणातच ब्रेक दाबला, खडीवरून गाडी घसरली आणि तो माझ्या पुढच्या चाकाशी येऊन थांबला. चाकानं त्याला शिवलं नाही. पण मांडीत पाय मोडला होता. वीस-बावीसचं पोरगं, "काका, माझे मित्र पुढं आहेत, त्यांना सांगा" एवढंच म्हणत होतं.

एका जीपमधून कंडक्टर त्याला खाली घेऊन गेला. मित्र घाटाच्या पायथ्याला टपरीवर चहा पीत होते. वाईट पोरं नव्हती ती, ऐकल्यावर दोघं रडायलाच लागली म्हणे. त्यांना वाटलं होतं, तो फोटो काढायला थांबला असेल. कुणी मोजलंच नव्हतं.

माझ्याकडं चूक निघाली नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, तो तूच भिंतीवर लावलास. मला मात्र तो बघितला की ते पोरगं आठवतं.

लीड कोण, म्हणजे सगळ्यांत पुढं कोण, ते रविवारी तू मला तीनदा सांगितलंस. शेवटी कोण, ते एकदाही सांगितलं नाहीस. तुम्ही त्याला स्वीप म्हणता ना? तो सगळ्यांत मुरलेला गडी पाहिजे, आणि त्याच्या मागं कुणी राहता कामा नये. चाळीसजण एका रांगेत नका जाऊ. सहा-सात गाड्यांचा एक गट करा, प्रत्येक गटाला पुढचा आणि मागचा वेगळा ठरवा, गटागटांत एखादा ट्रक, एखादी एसटी सहज शिरेल एवढी जागा ठेवा. रस्ता इतरांचाही आहे. फाटा आला की दुसऱ्या नंबरच्यानं तिथं थांबायचं आणि शेवटची गाडी वळेपर्यंत हलायचं नाही. म्हणजे वाट चुकेल म्हणून कुणाला पळावं लागत नाही. आणि आरसा बघत जा. मागची गाडी दिसेनाशी झाली तर तू वेग कमी कर. तू कमी केलास की तुझ्या पुढचा करील, असं करत लीडपर्यंत पोचतं. सगळ्यांनी एवढं केलं तर कुणी हरवत नाही.

घाटात दोन ओळी मोडून एकच ओळ करा आणि अंतर वाढवा. आपसात ओव्हरटेक नको. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ठेव, न्यूट्रल कधीच नाही. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना. वाकलेल्या गाडीला खडीवर तुझं एबीएस सुद्धा सावरत नाही. नजर जाईल तिकडं गाडी जाते, म्हणून खड्ड्याकडं नाही, वळण सुटतं तिकडं बघ. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. एसटी वर येताना दिसली की अलीकडंच थांब, ड्रायव्हरला सगळा रस्ता लागतो. परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. पहिले थेंब पडले की रस्त्यावरचं तेल वर येतं, ती दहा-पंधरा मिनिटं फार वाईट. हेल्मेट आयएसआयचं घे, नुसतं डोक्यावर ठेवू नकोस, पट्टा आवळ. कुणी पडलंच तर सगळ्यांनी गोळा होऊ नका. एकानं वळणाच्या वर, एकानं खाली उभं राहून गाड्या थोपवायच्या, एकानं १०८ लावायचा. घाटात रेंज सगळीकडं नसते, तेव्हा एकाला लगेच खाली धाडा. आणि त्या मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवाल्याला सांग, कोयनानगरच्या पुढं जंगल आहे, माणसं पण राहतात...

बघ, पुन्हा सुरू झालो. तुला यातलं निम्मं ठाऊक असेल, तू तो दोन दिवसांचा कोर्सही केलास. राग मानू नकोस. एकतीस वर्षं पाठीमागं पन्नास माणसं घेऊन चालवली, त्यांना एकालाही कसं चालवायचं ते शिकवता आलं नाही. त्याची भरपाई तुझ्यावर होते.

दहावीच्या सुट्टीत तुला मळ्याच्या रस्त्यावर एम-एटी शिकवली, ते आज सारखं डोळ्यांपुढं येतंय. क्लच सोडलास आणि गाडीसकट उसाच्या सरीत गेलीस. मी धावत आलो तर तू उठून आधी गाडी उचलत होतीस. गुडघ्यातून रक्त येत होतं आणि मला म्हणालीस, "आईला सांगू नका." मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. तात्यांच्या राजदूतवर तुला बसू दिलं नाही म्हणून दोन दिवस अबोला धरला होतास, तोही आठवतो. भीती तुला कधी नव्हतीच. माझ्याच वाट्याला ती जास्त आली असेल.

पण न भिणाऱ्यालाच मागं राहणं सोसत नाही. चाळीसजण पुढं गेलेत, आपल्यामुळं खोळंबतील, हसतील, असं वाटतं आणि ॲक्सिलरेटर आपोआप पिळला जातो. स्वाती, त्यांना खोळंबू दे. अर्धा तास खोळंबू दे. तुझ्यासाठी जे थांबणार नाहीत त्यांना गाठून तरी काय करायचंय? आणि तू पुढं असलीस तर मागच्या नव्या पोरासाठी तू थांब. एखाद्यानं तोंड वाकडं केलं तर सांग, माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. कंडक्टर चहाच्या थांब्यावरून निघताना सीटं मोजायचा, एक माणूस कमी असला तर दोन बेल द्यायचा नाही, आणि दोन बेल आल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलवली नाही.

शनिवारी आठपासून मी पाटण स्टँडसमोर उभा राहीन. आईपण येते म्हणते. तू थांबू नकोस. हातही करू नकोस, हात हँडलवरच असू दे. हेल्मेटमध्ये तोंड दिसलं नाही तरी गाडी मी ओळखीन. मी फक्त गाड्या मोजणार आहे. तेवढं शुक्रवारी झोपण्याआधी तुम्ही नक्की कितीजण निघताय, तो आकडा आईच्या फोनवर पाठव.

तुझे
अण्णा