थंडीचा आवाज आणि माझा अर्धवट सल्ला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पारा सात-आठ अंशांवर आला की धुळ्यात देवपुरातल्या आमच्या कॉलनीत सकाळी साडेसहाला दूधवाल्याच्या आधी ब्रेकच ऐकू येतात. रात्रभर अंगणात उभी राहिलेली गाडी पहिल्या गतिरोधकापाशी अशी किंचाळते की पोरं दचकून उठतात. मी एस. टी.त एकतीस वर्षे स्टिअरिंग धरलं, म्हणून लोक माझ्याकडे येतात, ‘आप्पा, ब्रेक गेले का हो?’ गेल्या थंडीत मी सगळ्यांना एकच उत्तर देत होतो, ‘थंडीचा आवाज आहे, जातो.’ कुणीतरी ते कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि फिरत फिरत ते चाळीसगावला माझ्या भाच्यापर्यंत पोचलं. हे पत्र त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

उत्तर खोटं नव्हतं. ब्रेकची डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, ती बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी आवळतात ते पॅड. लोखंडी तवा धुऊन ओला ठेवला तर सकाळी तांबूस पडतो, तसंच रात्री दव पडलं की डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो. पॅडही गारठलेले आणि दमट. पहिल्या पाच-सहा ब्रेकांत पॅड तो थर खरवडून काढतात आणि आवाज बंद होतो. किंचाळणं म्हणजे कंप. फळ्यावर खडू उभा धरला की तो अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो आणि ओरडतो, तसंच. ज्या पॅडात धातूचा चुरा जास्त, ते थंडीत जास्त ओरडतात.

मी बोराडीला मुक्कामी गाडी नेत असे. सातपुड्याच्या पायथ्याची थंडी, वरून दव, आणि गाडी रात्रभर उघड्यावर. एस. टी.चे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. पहाटे आधी हवेच्या टाकीत साचलेलं पाणी सोडायचं, मग इंजिन चालू करून हवा भरू द्यायची आणि दाबाचा काटा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. तरी पहिल्या थांब्यापर्यंत ब्रेकचे ड्रम, म्हणजे चाकातले ते गोल डबे ज्यांना आतून ब्रेकचे शू घासतात, असे कण्हायचे की म्हाताऱ्या बाया विचारायच्या, ‘भाऊ, गाडी बरी शे ना?’ शिरपूर येईपर्यंत सगळं शांत. त्यामुळे या आवाजाची भीती मला कधी वाटलीच नाही, आणि चूक तिथेच झाली.

भीती दाखवणारेही आहेतच. शेजारच्या एका शिक्षिकेला एका गॅरेजात सांगितलं की पॅड गेले, डिस्क गेल्या, साडेअकरा हजार लागतील. बाई रडवेल्या होऊन आल्या. मी जॅक लावून चाक काढलं, मोजपट्टी धरली. पॅड आठ मिलिमीटर शिल्लक होता, नवा असतो तेव्हा दहा-बारा. डिस्क आरशासारखी. बाईंच्या गाडीचा आवाज रोज जयहिंद कॉलेजपर्यंत यायचा आणि थांबायचा. एवढ्यावरून मी जरा फुगलो हे कबूल करतो.

भाच्याच्या गाडीचा आवाज मात्र थांबत नव्हता. आधी फक्त सकाळी, मग दुपारीही, मग ब्रेकवर पाय नसतानासुद्धा बारीक ‘चीं’. दीड महिना तो तसाच फिरला. संभाजीनगरहून परत येताना, भर उन्हात, कन्नड घाट उतरताना ‘चीं’चं ‘खर्र’ झालं. घरघंटीत दाण्यांबरोबर खडा गेल्यावर येतो तसा आवाज. नशीब, वेग कमी होता आणि कठड्याच्या आत जागा होती. चाक काढलं तर एका बाजूचा पॅड संपून त्याच्या पाठीची नुसती लोखंडी पट्टी डिस्कला घासत होती. डिस्कवर नख अडकेल असे चरे. पॅडात भागलं असतं तिथे डिस्कही बदलाव्या लागल्या. मी फोनवर झापायला सुरुवात केली तर तो म्हणाला, ‘मामा, तुम्हीच सांगेल व्हतं ना, थंडीना आवाज शे म्हणून!’ मला पुढे बोलता आलं नाही.

तर आता पूर्ण उत्तर. सकाळचा आवाज तिसऱ्या-चौथ्या गतिरोधकाला मेला पाहिजे. दुपारी, गाडी तापल्यावरही येतो तो थंडीचा नाही. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक जीभ लावलेली असते. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम ओरडते, ती ओरडायलाच ठेवलेली असते. ‘खर्र’ आला तर गाडी घरापर्यंतही नेऊ नये. आणि पेडल खाली जातंय किंवा गाडी एका बाजूला ओढतेय, तर आवाज असो-नसो, मिस्त्री गाठावा.

आमच्याच गल्लीत एकाने आवाज जावा म्हणून डिस्कवर सायकलच्या चेनचं तेल सोडलं होतं. आवाज गेला, ब्रेकही गेला. समोर म्हैस होती, ती शहाणी निघाली. तेल, डिझेल, ग्रीस काहीही डिस्कला लावायचं नाही. ग्रीस लागतं ते कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या चिमट्याच्या, सरकत्या पिनांना, तेही ब्रेकचंच. गाडी धुतली की लगेच उभी करू नये, कॉलनीला एक चक्कर मारून चार वेळा हलका ब्रेक दाबावा, डिस्क कोरडी होते. सपाट जागा असेल तर दवाच्या रात्री हँडब्रेक ओढून ठेवण्यापेक्षा गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावावा, नाहीतर मागच्या चाकांतले ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. घाटाचं तर जुनं आहे, ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. हल्लीच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात, कारण गाडीला गिअरच नसतो म्हणे.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं. हेल्मेटची रॅली निघते, शाळांत घोषवाक्यं होतात, ते चांगलंच आहे. त्यातली एक सकाळ धुळ्यात पांझरेकाठी उघड्या चाकांसाठी ठेवावी, अशी आपल्या दैनिकामार्फत संबंधितांना विनंती आहे. चार गाड्यांची चाकं काढून नवा पॅड, अर्धा पॅड आणि संपलेला पॅड लोकांच्या हातात द्यावा. गॅरेजवाल्यांनीही बदललेला जुना पॅड गिऱ्हाइकाला दाखवायची सवय लावावी. भाच्याची ती घासलेली पट्टी मी जपून ठेवली आहे, ती घेऊन येईन. जॅकही माझाच.

आपला,
एक निवृत्त एस. टी. चालक
देवपूर, धुळे